डेडस्टॉक कुणाच्या बापाचा?

वाचनालयाचं जुनं कपाट हा काय लेख लिहायचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. खैरलांजी झालं, खर्डा झालं, अजून रोज कुठंतरी काहीतरी होतंच आहे, आणि तुम्ही फर्निचरवर कागद खरडताय! खरडतोय दोस्तहो. कारण ह्या फर्निचरवरून आमच्या वस्तीतली पोरं दोन रात्री एकमेकांच्या अंगावर धावून गेली. पोरं उगाच भांडत नाहीत. त्यांना कुठंतरी जुनी जखम लागलेली असते.

हकीकत अशी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. नाव घेत नाही, नावानं काही अडत नाही, अशी पन्नास असतील. तिथं नवी अभ्यासिका झाली, नवं स्टीलचं सामान आलं, आणि जुनं सामान उरलं. काचेच्या दारांची चार लाकडी कपाटं, दोन गोदरेजची, पेपर वाचायची उतरती टेबलं, फळ्या नसलेले लोखंडी रॅक, एक शिडी, आणि पुस्तकांची कार्डं ठेवायचं छोट्या छोट्या खणांचं कपाट. कॉम्प्युटर आल्यापासून कार्डांना कोण विचारतो? तर हे सगळं सांगली जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीवरच्या वाचनालयाला द्यायचं असं त्यांच्या मंडळानं ठरवलं. आमचं वाचनालय म्हणजे समाजमंदिरातली एक खोली. विटांवर फळ्या, फळ्यांवर पुस्तकं, उरलेली पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत, आणि खाली वाळवीचा कायमचा मुक्काम. कपाटाची गरज आहे का? आहे. जीव जाईल एवढी आहे.

पण पत्र आलं ते असं : आपल्या वस्तीतील होतकरू मुलांसाठी सप्रेम भेट. कार्यक्रम आपण ठेवावा. आमच्या अध्यक्षांचे शुभहस्ते स्वीकार व्हावा. नेण्याचा खर्च आपण सोसावा. कपाटावर देणगीदार म्हणून संस्थेचं नाव ऑइलपेंटनं घालावं.

झालं. अर्धी पोरं म्हणाली, आणा जाऊन, फुकट मिळतंय, हार घालायला काय जातंय. अर्धी पोरं म्हणाली, त्या कपाटाला पेट्रोल ओता. उतरलेलं घ्यायचं नाही.

उतरलेलं. हा शब्द ज्यांच्या घरात कधी आला नाही त्यांना तो कळायचा नाही. गावकीत आपल्या आज्या-पणज्यांना काय मिळायचं? शिळी भाकर. मढ्यावरचं कापड. मेलेलं ढोर. गावाला जे नको झालं ते महारवाड्यात यायचं आणि वर गाव म्हणायचं, आम्ही देतो म्हणून तुम्ही जगता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, उष्टं-शिळं घेऊ नका, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. नुसतं पोटाला सांगितलं नाही, हाताला सांगितलं : हा पसरू नको. त्या सांगण्यापायी गावोगाव आपल्या माणसांनी बहिष्कार सोसला, उपाशी राहिली, पण शिळी भाकर परत घेतली नाही. तेव्हा पेट्रोल ओता म्हणणारा पोरगा वेडा नाही. त्याच्या पणज्याची भूक त्याच्या तोंडून बोलते. मी मुंबईच्या गोदीतून दोन दिवसाची रजा टाकून आलो होतो, मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला.

तरी मी म्हणतो, कपाट घ्यायचं. सगळी घ्यायची, शिडीसकट. फक्त ज्या रस्त्यानं ती येतायत तो रस्ता बदलायचा.

पहिला सवाल : ते कपाट कुणाच्या पैशाचं? वाचनालयाचे लोक म्हणतात, आमच्या संस्थेचं. संस्था जुनी आहे, सरदार-वकिलांनी काढली, खरं आहे. महाराष्ट्रातली बहुतेक जुनी नगर वाचनालयं अशीच निघाली. साहेब, सरदार, सावकार, मास्तर ह्यांनी वर्गणी काढून स्वतःसाठी काढली. पण १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यानंतर १९७० चे नियम झाले, ज्यांच्या नावातच इमारत आणि साधनसामग्री अनुदान हे शब्द आहेत. तेव्हापासून वाचनालयाला वर्ग पडले, अ ब क ड, आणि वर्गाप्रमाणे दरसाल सरकारी पैसा सुरू झाला. २०२२ साली सरकारनं हे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचा निर्णय घेतला. हा पैसा कुठून येतो? माझी आई काडेपेटी घेते त्यातून. साबण घेते त्यातून. मी मोबाईलला रिचार्ज मारतो त्यातून. मग त्या कपाटाच्या एखाद्या बिजागरीत तरी माझ्या आईचा पैसा आहे की नाही? आपल्याच वस्तूची आपल्याला सप्रेम भेट?

ही अक्कल माझी नाही. हा हिशेब फार जुना आहे. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांनी ठराव मांडला : सरकारी पैशानं बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली आपलं तळं कागदावर खुलं केलं. कागदावरच्या त्या पाण्याचा घोट घ्यायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. पण तळ्यावर जाताना ते भीक मागायला गेले नव्हते. ठराव खिशात होता. पुढं घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सरकारच्या पैशानं पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागा एकाच ओळीत आल्या. त्यात अंशतः हा शब्द आहे, तो नीट वाचा. अनुदानावर चालणारं वाचनालय ह्या ओळीत बसत नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं म्हणून दाखवावं. तळ्याला जो न्याय, तोच कपाटाला.

आणि साताऱ्याला तर ह्या बाबतीत तोंड वर करायला जागाच नाही. ७ नोव्हेंबर १९०० ह्या दिवशी भिवा रामजी आंबेडकर नावाचा मुलगा साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाला. आता त्या तारखेला महाराष्ट्रभर विद्यार्थी दिवस साजरा होतो, फोटोला हार पडतात. त्या दिवसांत त्या मुलाची साधनसामग्री काय होती? एक गोणपाटाचा तुकडा. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात इतरांपासून वेगळं बसायचं, गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. ज्या माणसानं पुढं मुंबईत पुस्तकांसाठी राजगृह बांधलं त्याला साताऱ्यानं दिलेलं फर्निचर हे एवढं. तेही साताऱ्यानं दिलं नाही, त्याच्या बापानं दिलं. सुभेदार रामजी मुलीचे दागिने गहाण टाकून पोराला पुस्तकं आणत. आणि १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांचं सामान ज्या बोटीवर होतं ती जर्मन पाणबुडीनं बुडवली. आमच्या गोदीत माल उतरताना हे मला दर खेपेला आठवतं. असल्या कुणाच्या तरी पेट्या आपण उतरवायच्या होत्या, त्या आल्याच नाहीत.

सांगलीकडं या. सांगली तेव्हा वेगळी नव्हतीच. १९४९ ला साताऱ्याचे उत्तर-दक्षिण दोन तुकडे झाले आणि १९६० ला दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. त्या जुन्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० ला अण्णा भाऊ साठे जन्मला. शाळा दीड दिवसाची. बापाबरोबर पायी मुंबई गाठली आणि अक्षर मुंबईनं शिकवलं. आटपाडीच्या महारवाड्यातून शंकरराव खरात निघाले ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ ला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ह्या माणसांना त्यांच्या लहानपणी ह्या दोन जिल्ह्यांतल्या कुठल्या वाचनालयानं खुर्ची सरकवली होती? आणि आज त्यांच्या जयंतीला वाचनालयात फोटो लागतो आणि फोटोखाली आम्हाला उरलेलं सामान मिळतं. राज्यातल्या उत्कृष्ट ग्रंथालयाला सरकार बक्षीस देतं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं देतं. बक्षीस घेताना नाव चालतं.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला स्वतःचं अनुदान का नाही? मागा की सरकारकडं. मागितलं. पण २०१२ नंतर कित्येक वर्षं नव्या वाचनालयांना मान्यता देणं आणि जुन्यांची दर्जावाढ करणं सरकारनं थांबवून ठेवलं होतं. खोटी वाचनालयं निघाली म्हणून पडताळणी झाली, काही खोटी सापडलीही असतील, पण शिक्षा झाली ती जन्मालाच न आलेल्यांना. ज्यांची कपाटं १९८० च्या आधी भरली त्यांना पैसा चालू राहिला. ज्यांच्या पोरांना वाचायची अक्कल आणि जिद्द २०१५ ला आली ते दाराबाहेर. शिकलेल्या पहिल्या पिढीच्या वस्तीतलं वाचनालय उशिराच निघणार ना? म्हणून तर हे उरलेलं सामान इतकं महत्त्वाचं झालंय. मान्यता नसलेल्याला दुसरीकडून एक स्टूल येत नाही. १९७२ साली, पँथर उभी राहिली त्याच साली, कलकत्त्याला राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान निघालं. तिथून पुस्तकांना, रॅकना, कपाटांना मदत मिळते, पण तिथंही वाट जाते ती सरकारी नोंदीच्या दारातूनच.

मी सामान बघायला स्वतः गेलो होतो. तिथल्या ग्रंथपालाबद्दल एक चांगलं लिहिलंच पाहिजे. माणूस सवर्ण, वयानं मोठा, पगार इतका की माझा गोदीतला ठेकेदार बरा म्हणावा. त्यानं कुलूप काढलं, चहा पाजला, आणि डेडस्टॉकचं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. मराठीत जडसंग्रह नोंदवही म्हणतात. त्यात प्रत्येक वस्तूला नंबर, कधी घेतली, कितीला घेतली, कुठल्या पैशातून घेतली. गोदरेजच्या दोन्ही कपाटांपुढं अनुदान असा शब्द स्वच्छ अक्षरात लिहिलेला. मी बोट ठेवून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, हे मंडळाला सांगा, मला काय सांगता.

नंतर मी कार्डांचे खण ओढून बघितले. हे कपाट कुणालाच नको होतं, भंगारवाला सुद्धा लाकूड किडकं म्हणत होता. मला तेच सगळ्यात आधी पाहिजे. कारण त्यात कार्डं अजून होती. धर्माचा खण इतका गच्च की ओढता ओढत नव्हता. पोथ्या, महात्म्यं, संतचरित्रं. आंबेडकर ह्या नावाची कार्डं चार, त्यातली दोन चरित्रांची. बाबुराव बागुलांचं एक. अण्णा भाऊंची बऱ्यापैकी. मी अर्धा तास उभा राहून त्या गावाचं डोकं वाचत होतो. कोणत्या सालापर्यंत आपण ह्या लोकांच्या हिशेबात नव्हतो हे त्या कार्डांच्या पिवळेपणावरून कळतं. आमची पोरं उद्या स्वतःची कार्डं लिहून त्याच खणात लावतील तेव्हा हीही कार्डं फेकायची नाहीत, मागं ठेवायची.

ह्यावरून आठवलं. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड सरकार १९७९ पासून काढतंय. वस्तीवरच्या वाचनालयाला सगळे खंड मिळवून दाखवा. २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण खंड छापायला घेतलेला कोट्यवधींचा कागद गोदामात पडून असल्याची बातमी आली होती. गोदामात माल पडला की काय होतं ते आम्हाला विचारा. आयात माल ३० दिवसांत सोडवला नाही तर तो विकायला काढायची कायद्यात सोय आहे. बाबासाहेबांच्या कागदाला असला कायदा नाही, तो पडून राहिला तरी चालतो. रिकामी कपाटं वाटत फिरणाऱ्यांनी ह्याच्यावर एखादा ठराव केला असता तर मी स्वतः हार घेऊन गेलो असतो.

अमेरिकेतल्या काळ्यांना हे सगळं पाठ होतं. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या शाळेत फाटलेली पुस्तकं काळ्यांच्या शाळेत यायची, आत गोऱ्या पोरांची नावं लिहिलेली. वाचनालयंसुद्धा दोन. १९६१ च्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन गावात टुगालू कॉलेजचे नऊ काळे विद्यार्थी आधी काळ्यांच्या वाचनालयात गेले आणि तिथं नसलेली पुस्तकं त्यांनी मागितली. नाहीत म्हटल्यावर सरळ गोऱ्यांच्या वाचनालयात जाऊन बसले आणि वाचू लागले. पोलिसांनी पकडून नेलं. पुस्तक वाचलं म्हणून! त्यांनी आपल्या वाचनालयासाठी दोन जुनी कपाटं मागितली नाहीत. दार मागितलं. आमच्या पोरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा भांडण अर्धं शांत झालं, कारण मग प्रश्न कपाट घ्यायचं की नाही एवढाच उरला नाही. दार मागायचं का, असा झाला.

आणखी एक गोष्ट, कागदाची. आमच्या धंद्यात चलन नसलेला नग कुणी उचलत नाही. टॅलीवाला नंबर घेतो, वजन घेतो, कुणाचा माल कुणाच्या ताब्यात हे लिहितो, मग गेटपास. भेट म्हणून तोंडी आलेलं कपाट उद्या कुणी येऊन आमचं आहे म्हणून उचलून नेईल, किंवा वस्तीतलाच एखादा पुढारी आपल्या घरात नेऊन कपडे ठेवील. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. दीडशे वर्षांच्या घरातलं सांगलीचं जिल्हा नगर वाचनालय बुडालं, हजारो पुस्तकांचा लगदा झाला. सगळ्या महाराष्ट्रात हळहळ झाली, पुस्तकं गोळा करायची आवाहनं निघाली, ते योग्यच झालं. ते वाचनालय कुणा एकट्याचं नव्हतं. पण नदीकाठच्या वस्त्यांतल्या समाजमंदिरात ज्या शंभर-दोनशे पुस्तकांच्या ट्रंका होत्या त्यांचं काय? जिची कुठं नोंदच नाही त्या ट्रंकेचा पंचनामा तलाठी कसा करणार? २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पुन्हा तेच. म्हणून रजिस्टर पाहिजे. आमचं स्वतःचं, नंबर घातलेलं, मागच्या संस्थेचा जुना नंबरही त्यात लिहिलेला, म्हणजे वस्तू कुठून कुठं आली ते दिसेल.

सरकारला पुस्तकं घरोघर पोचवता येत नाहीत असं मात्र नाही. सातारा जिल्ह्यात भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. घराघरात कपाटं, खुर्च्या, हजारो पुस्तकं, सगळं सरकारी खर्चानं. पुढं सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचीही निवड झाली. चांगली गोष्ट आहे, मी भिलार बघितलंय, पाय पसरून वाचत बसलोय. पण पाचगणीला हवा खायला आलेल्या माणसाला स्ट्रॉबेरीबरोबर पुस्तक मिळावं एवढी काळजी ज्या सरकारला आहे, त्याला आमच्या वस्तीची वाट सापडत नाही हे जरा चमत्कारिकच.

तर आम्ही वाचनालयाला उत्तर धाडलं. भेट हा शब्द काढा, हस्तांतरण लिहा आणि मंडळाच्या ठरावाची नक्कल द्या. वस्तू आम्ही निवडू. उतरत्या टेबलांपैकी दोनच घेऊ, आमच्याकडं जागा नाही. रॅक घेऊ पण फळ्यांसकट, फळ्या तुमच्या माळ्यावर आहेत त्या मी बघून आलोय. ते दोन कॉम्प्युटर नकोत, ते चालत नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे, भंगाराचं भाडं आम्ही भरणार नाही. टेम्पोचा खर्च निम्मानिम्मा. ऑइलपेंट नाही. सत्कार नाही, चहा आहे, बसून प्यायचा. आणि शेवटचं : आमच्या वाचनालयाच्या नावानं तुमच्याकडं वीस वाचक-तिकिटं काढा, बिगर अनामतीची. आमची पोरं दर पंधरवड्याला पिशवी घेऊन येतील, वीस पुस्तकं नेतील, वीस आणतील. हरवलं तर भरून देऊ.

बाकी सगळ्याला होकार आला. हस्तांतरण हा शब्दसुद्धा मान्य झाला, फळ्या मान्य झाल्या. तिकिटांवर मात्र घोडं अडलंय. बाहेरच्या जिल्ह्यातल्यांना सभासद करायचा नियम नाही म्हणतात. कपाटाला जिल्ह्याची हद्द ओलांडता येते आणि पुस्तकाला येत नाही? पुढच्या सभेत विचार करू असं लिहिलंय. सभेची तारीख लिहिलेली नाही. आम्ही तारीख विचारणारं दुसरं पत्र टाकलंय, पोचपावतीसह.

ह्या दोन जिल्ह्यांत ज्यांच्या वस्तीवर असं वाचनालय आहे त्यांनी आपल्याला काय कमी आहे ते नगांच्या हिशेबात लिहून ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. मोठ्या वाचनालयांनीही आपला उरलेला माल दारावर यादी करून लावावा, म्हणजे निवडायला येता येईल. आणि जे सामान न्यायला जातील त्यांच्यासाठी : आधी आपल्या दाराचं माप घ्या. आमच्या समाजमंदिराचं दार अडीच फुटी आहे, काचेचं कपाट आडवं केल्याशिवाय आत जाणार नाही. फळ्या काढून वेगळ्या बांधा, काचेच्या मधे गोणपाट घाला, किल्ली कड्याला सुतळीनं बांधून ठेवा. रिकामं गोदरेज चार माणसांचं ओझं आहे, दोघांनी शहाणपणा करू नका, कंबर जाते.